‘मीच काऊन?’ विचारणाऱ्या पेशंटजवळ बसायला विद्यार्थ्यांना कसं शिकवावं

जबड्याच्या कॅन्सरचा एक पेशंट होता. पंचेचाळिशीचा, तीन एकर वावर असलेला, शाळा सुटली तेव्हापासून खर्रा, म्हणजे सुपारीत घोटलेला तंबाखू, खाणारा. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी त्याचं ड्रेसिंग करत होती. त्यानं तिला विचारलं, "सिस्टर, गावात सगळेच खर्रा खातेत. मंग मीच काऊन?" ती गडबडली. "काही होत नाही काका, बरे होऊन जाल," म्हणाली. त्यानं भिंतीकडे तोंड केलं आणि पुढचे तीन दिवस तो कोणाशी धड बोलला नाही.

त्या मुलीला मी रागावले नाही. बी.पी. घ्यायचं, सलाईन लावायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलायची, हे सगळं आम्ही तिला हाताला धरून शिकवलं होतं. या प्रश्नाचं काय करायचं ते शिकवलंच नव्हतं. त्यानंतरच्या वर्षांत जे करून पाहिलं आणि जे टिकलं, ते इथे लिहिते आहे. विदर्भातल्या नर्सिंग शाळा-कॉलेजांत शिकवणाऱ्यांसाठी, मेडिकलच्या मुलांची ग्रामीण पोस्टिंग सांभाळणाऱ्यांसाठी. आठवड्याला एक तास आणि वॉर्डातली रोजची दहा मिनिटं मिळाली, तर आठ आठवड्यांत हे बसतं.

सुरुवातीला ‘आध्यात्मिक’ हा शब्द बाजूला ठेवा

वर्गात ‘पेशंटच्या आध्यात्मिक गरजा’ म्हटलं की अर्ध्या मुलींना कीर्तन आठवतं. उरलेल्यांना वाटतं, हे बुवाबाजीचं काम आहे आणि आपण तर विज्ञान शिकायला आलो. दोघींचंही चुकतं. म्हणून पहिल्या तासाला मी फळ्यावर हा शब्द लिहीतच नाही. मी सिसिली सॉन्डर्सबद्दल सांगते. ही बाई आधी नर्स होती, मग रुग्णालयातली समाजसेविका झाली, नंतर डॉक्टर झाली आणि १९६७ मध्ये तिनं लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारी जागा, सुरू केलं. मरणाच्या वाटेवरच्या माणसाचं दुखणं एकाच जागी नसतं, हे ती सांगत राहिली. शरीर दुखतं, मन दुखतं, घरचं आणि पैशाचं दुखतं, आणि ‘माझ्या जगण्याचं काय झालं’ हेही दुखतं. या सगळ्याला मिळून तिनं ‘संपूर्ण वेदना’ म्हटलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ साली परिहार सेवेची, म्हणजे गंभीर आजारात त्रास हलका करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरची, व्याख्या केली, तेव्हा शारीरिक आणि मानसिक-सामाजिक त्रासाच्या बरोबरीनं आध्यात्मिक त्रासही त्यात घेतला. आपल्याकडे २०१९ पासून एम.बी.बी.एस.च्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नैतिकता आणि संवाद यांचा वेगळा भाग आला आहे. हे शिकवायला कागदावर जागा आहे, एवढं प्राचार्यांना दाखवायला ते पुरतं.

मुलींना मात्र मी एवढंच सांगते. आपल्याकडे म्हणतात ना, ‘जीव कशात तरी अडकला आहे’? तो कशात अडकला आहे ते ओळखायचं. ही ओळखच आपल्याला शिकायची आहे.

जवळपास असाल तर सेवाग्रामला एक फेरी मारा. आश्रमात परचुरे कुटी आहे. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोग घेऊन तिथे आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालीश केलं. त्या काळी या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं. कुटीसमोर मुलींना बसवा आणि विचारा, "औषध नव्हतं, तर मग या पेशंटला काय मिळालं?" उत्तर लगेच मागू नका, परतीच्या बसमध्ये येऊ द्या.

पहिले दोन आठवडे: वाक्यांची वही

या काळात मुलींनी काहीच बोलायचं नाही, ऐकून आणायचं. प्रत्येकीकडे एक छोटी वही. काम करता करता पेशंट किंवा नातेवाईक जे बोलले आणि जे मनाला लागलं, ते त्यांच्याच शब्दांत लिहायचं. प्रमाण मराठीत सुधारून लिहायचं नाही. पेशंटचं नाव, गाव, खाट क्रमांक काहीही लिहायचं नाही. आठवड्याला पाच वाक्यं पुष्कळ झाली.

हे काम सोपं दिसतं, पण सगळ्या अभ्यासक्रमाचा पाया इथेच पडतो. मुलींना आधी वाटतं की असं कोणी काही बोलतच नाही. मग चौथ्या-पाचव्या दिवसापासून वह्या भरायला लागतात:

"माह्या मांगं पोराईले कोन पाहीन?"
"कोनाचं काय वाईट केलं व्हतं मी?"
"आता कायले देता औषध. खर्च वाढते निरा."
"देवानं उचललं असतं त बरं व्हतं."
"मले घरी नेऊन सोडा, इथं जीव जाऊ नये."
"बाहेरचं असन बाई, औषधानं कुठं उतरते."
"पेरनी झाली का म्हना, पाऊस आला का तिकडं?"

तिसऱ्या आठवड्याच्या तासाला ही वाक्यं नाव न सांगता मोठ्यानं वाचायची आणि एकेक घेऊन विचारायचं, हा माणूस काय मागतो आहे? पहिल्या वाक्यात लेकरांची काळजी आहे. दुसऱ्यात अपराधाची भावना आहे, न्याय मागणं आहे. तिसरं पैशाचं वाटतं, पण त्यात ‘मी घरावर ओझं झालो’ हे दडलेलं असतं. शेवटच्या वाक्यात तर मुलींना काहीच दिसत नाही. ‘मॅडम, हा तर पावसाचं विचारतोय,’ म्हणतात. जून महिन्यात जो माणूस चाळीस वर्षं वावरात उभा राहिला, तो या वर्षी खाटेवर पडून आहे. पावसाचं विचारताना तो स्वतःचं विचारतो आहे. हे ज्या दिवशी वर्गाच्या लक्षात येतं, त्या दिवसापासून शिकवणं सोपं होतं.

याच तासात मी एक फरक शिकवते. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

‘काऊन’, म्हणजे ‘का’, दोन प्रकारचं असतं. एक माहिती मागणारं आणि एक दुःख मांडणारं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं लेकरू घेऊन आलेली आई विचारते, "माह्या पापानं झालं का वं?" इथे माहितीनं खरंच ओझं उतरू शकतं. आई आणि बाप दोघंही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी असते की मूल हा आजार घेऊन येईल. त्यात कोणी पाप केलेलं नसतं, कोणी निवडून दिलेलं नसतं. ती गोष्ट एकट्या आईकडून येत नाही, हे नवऱ्याच्या आणि सासूच्या समोर सांगितलं, तर त्या बाईचं घरातलं जगणं बदलतं. आणि कॅन्सरवाल्या काकांचं ‘मीच काऊन’? त्यांना तंबाखूचे दुष्परिणाम ऐकायचे नव्हते. ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत होते. त्या प्रश्नाला उत्तर नाही, सोबत हवी असते.

दोन्हींत फरक कसा ओळखायचा? उलट हळूच विचारायचं, "तुम्हाले काय वाटते, काऊन झालं असन?" आणि थांबायचं. माहिती हवी असणारा माणूस पुढचा प्रश्न विचारतो. दुःख मांडणारा बोलायला लागतो, किंवा रडायला.

तिसरा-चौथा आठवडा: आधी स्वतःचं

आपल्या मुली कुठून येतात हे विसरू नका. यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याच्या गावांतून, मेळघाटातून, गडचिरोलीतून. एखादीच्या घरी बापानं किंवा काकानं फवारणीचं औषध घेतलेलं असतं. एखादीची बहीण बाळंतपणात गेलेली असते. मरणावर बोलायला बसवाल तेव्हा हे सगळं वर येतं. म्हणून हा तास घेण्याआधीच सांगायचं: ज्यांना नको त्यांनी गप्प बसावं किंवा बाहेर जावं, कारण विचारलं जाणार नाही. आणि तासानंतर शिक्षकानं अर्धा तास तिथेच बसून राहायचं, रिकाम्या वर्गात. कोणीतरी परत येतंच.

तासात काय करायचं? कागदावर तीन प्रश्न लिहून द्यायचे. तू खूप आजारी पडलीस तर खाटेजवळ कोण हवं? कोणती वस्तू जवळ हवी? आणि कोणती गोष्ट कोणी बोलू नये? उत्तरं गोळा करायची नाहीत. ज्यांना वाटेल त्यांनी शेजारणीला सांगायचं. मग फळ्यावर फक्त तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं, नावं न लिहिता. ‘नशिबातच होतं म्हणू नये.’ ‘रडू नको म्हणू नये.’ ‘देवाची इच्छा म्हणू नये.’ ‘माझ्या जातीचं विचारू नये.’ दहा मिनिटांत फळा भरतो. वॉर्डात काय बोलायचं नाही त्याची यादी मुलींनीच तयार केलेली असते आणि ती त्या विसरत नाहीत.

माझी स्वतःची एक चूक मी याच तासात सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका आजारी बाईंना धीर द्यायला मी म्हटलं, "देवावर भरवसा ठेवा मावशी, देवीला नवस बोला." त्या नुसत्या हसल्या आणि गप्प झाल्या. त्यांच्या उशाखाली बाबासाहेबांचा फोटो होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर धम्म घेतलेल्या माणसांची ती लेक. माझा धीर तिच्यापर्यंत पोचलाच नाही, उलट मी तिला तिच्या जागेवरून ढकललं होतं. उशाखाली काय आहे ते आधी पाहिलं असतं, तर ही चूक झाली नसती.

विचारायचं कसं

अमेरिकेतल्या डॉ. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९० च्या दशकात चार भागांची एक साधी पद्धत तयार केली. माणसाची श्रद्धा किंवा जगण्याचा अर्थ कशात आहे, त्याचं त्याच्या आयुष्यात किती महत्त्व आहे, त्याच्या सोबतीला कोणता समूह आहे आणि उपचार करताना आपण त्याची काय दखल घ्यायची, असे ते चार भाग. चौकट चांगली आहे. पण तिचं सरळ मराठी करून खाटेजवळ विचारलं, तर आपल्याकडे घोळ होतो. "तुम्ही कोणत्या देवाला मानता?" हा प्रश्न आपल्या भागात पुष्कळांना जात विचारल्यासारखा ऐकू येतो. म्हणून मी मुलींकडून हे असे प्रश्न घोटून घेते:

"एवढ्या त्रासात तुम्हाले आधार कशाचा वाटते?"
"रात्री झोप नाही आली त मनात काय येते?"
"घरचं कोन आलं की जीवाले बरं वाटते?"
"आमच्याकडून काही पाळाचं आहे का? खान्यात, वागन्यात?"
"काही राहून गेलं असं वाटते का?"

सगळे प्रश्न एकाच वेळी विचारायचे नाहीत. एका दिवशी एकच. आणि फॉर्म हातात धरून तर कधीच नाही. केस विंचरताना, पाय चोळताना, जखम पुसताना विचारायचं. हात कामात असले की माणसाला बोलणं सोपं जातं, डोळ्याला डोळा भिडवून बसावं लागत नाही. जागेचीही अडचण असते. तीस खाटांचा वॉर्ड, पडदा नाही, प्रत्येक खाटेखाली एक नातेवाईक झोपलेला. दुपारी धर्मशाळेतून डबे येतात तेव्हा गलका वाढतो आणि त्या गलक्यात कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही, ती वेळ चांगली. नाहीतर व्हीलचेअरवर घालून व्हरांड्यात न्यायचं.

पेशंट दुखण्यानं तळमळत असेल तर यातलं एकही वाक्य बोलायचं नाही. आधी दुखणं थांबवायचं, डॉक्टरांना बोलवायचं, वेदनाशामकाची वेळ चुकली असेल तर ती पाहायची. सॉन्डर्स बाईंचाही हाच आग्रह होता, की औषध घड्याळाप्रमाणे द्या, दुखण्याची वाट पाहू नका.

पाचवा आठवडा: वर्गातली खाट

आता सराव. वर्गात एक खाट आणा. खरीखुरी, सतरंजीवर भागवू नका. एक मुलगी पेशंट, एक नातेवाईक, एक नर्स, बाकीच्या पाहणार. पेशंट होणाऱ्या मुलीला वहीतलं एक वाक्य द्या आणि सांगा की हे वाक्य बोलल्यावर समोरची काय करते त्यावर तुझं पुढचं ठरव. खरं बोलली तर उघड, टाळलं तर गप्प हो. वेळ सात मिनिटं.

पहिल्या फेरीत सगळ्या उत्तर द्यायला धावतात. "असं नका बोलू बाबाजी," "सगळं ठीक होईल," "तुमच्यापेक्षा जास्त आजारी लोक आहेत." खेळ थांबवा, पेशंट झालेल्या मुलीला विचारा, तुला काय वाटलं? तिचं उत्तर शिक्षकाच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त काम करतं.

दुसऱ्या फेरीत नियम द्या. पेशंटचं बोलून झालं की मनात दहापर्यंत मोजायचं. मग त्याचाच शेवटचा शब्द परत म्हणायचा. असं:

"देवानं उचललं असतं त बरं व्हतं."
(दहा.)
"उचललं असतं त..."
"हो ना. सुनेले किती करा लावाचं? ते पन थकली बिचारी."
"तुम्हाले सुनेचं वाईट वाटते."
"लय वाटते. लेकीसारखी आहे. कधी बोललो नाही तिले."
"तिले सांगावं वाटते का?"

पाच-सहा वाक्यांत मरणाची इच्छा म्हणून जे सुरू झालं, ते सुनेला दोन शब्द सांगायचं राहून गेलं इथे आलं. प्रत्येक वेळी असं होईलच असं नाही. पण दहापर्यंत मोजलं नसतं तर कधीच झालं नसतं. मुलींना हे दहा आकडे फार लांब वाटतात, घाम फुटतो. तीन-चार वेळा करून घेतलं की जमतं.

नातेवाईकाच्या भूमिकेतली मुलगी मध्येच नर्सला बाजूला ओढून म्हणते, "बुढ्याले काही सांगू नका, कॅन्सर आहे म्हनून." हा प्रसंग सरावात घ्याच, कारण वॉर्डात तो रोज घडतो. विद्यार्थिनीनं निदान सांगायचं नाही, ते डॉक्टरांचं काम. तिनं नातेवाईकाला भीती कशाची वाटते ते विचारायचं, पेशंटला खोटं सांगणार नाही एवढं नम्रपणे म्हणायचं आणि ही गोष्ट सिनियरच्या कानावर घालायची.

सहावा आठवडा: मोहरीएवढ्या गोष्टी

श्रद्धेचा प्रश्न वॉर्डात बहुतेक वेळा एखाद्या वस्तूच्या रूपानं येतो. इथे चुकलं तर माणूस दुखावतो आणि भीतीनं सगळंच चालू दिलं तर धोका होतो. म्हणून हे तपशीलात शिकवा.

मनगटातला दोरा सलाईन लावताना कापायचा नाही. दुसरा हात पाहायचा. तोच हात लागणार असेल तर विचारून, सरकवून किंवा सोडवून नातेवाईकाच्या हातात द्यायचा. ऑपरेशनला मंगळसूत्र काढावं लागतं तेव्हा ते स्वतः ओढून काढू नये. बाईनंच काढावं, ती सांगेल त्याच्याकडे द्यावं. काही बायका तेवढ्या वेळापुरता हळद लावलेला दोरा बांधून घ्यायचा म्हणतात, तो चालेल का ते ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरला आधी विचारून ठेवावं. वारकऱ्याच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेचंही तसंच.

अंगारा कपाळाला लावू द्यावा, जखमेत किंवा बाळाच्या नाळेवर नाही. दिवा-उदबत्ती ऑक्सिजनच्या आसपास अजिबात नाही, हे मात्र ठामपणे आणि कारण सांगून. शेवटच्या घटकेला तोंडात पाणी घालायची घाई सगळ्यांना असते. गिळता न येणाऱ्या माणसाला चमचाभर पाणीही श्वासनळीत जाऊ शकतं, म्हणून ओल्या गॉजनं ओठ आणि जीभ ओली करायला नातेवाईकांना शिकवावं. त्यात तुळशीचं पाणी असो की झमझमचं, हात घरच्या माणसाचा असू द्यावा. रमजानमध्ये इन्सुलिनवरचा पेशंट रोजा धरायचं म्हणतो. आजाऱ्याला सूट आहे हे त्यालाही माहीत असतं, पण मौलानांच्या तोंडून ऐकलं की त्याचं मन शांत होतं. फोन लावून द्यावा.

आणि सगळ्यांना एकाच मापानं मोजू नये. महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेला माणूस दुसऱ्या देवाचा प्रसाद घेत नाही, शेजारच्या खाटेवरून प्रेमानं आलेला असला तरी. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळातला म्हातारा संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेची वेळ झाली की अस्वस्थ होतो. त्याला त्या वेळी उठवून बसवलं तरी पुरे. बौद्ध घरातल्या पेशंटला त्रिशरण-पंचशील ऐकायचं असू शकतं. आणि काहीच न मानणारा माणूसही असतो. त्यालाही ‘माझं आयुष्य वाया गेलं का’ हा प्रश्न पडतो.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा दवाखाना आहे, माँ दंतेश्वरी दवाखाना. आदिवासींना मोठ्या इस्पितळाची भीती वाटत होती. त्यांच्याशी बोलून, त्यांना हवा तसा दवाखाना उभा राहिला आणि त्यांच्या देवीचं नाव त्याला दिलं गेलं. हे उदाहरण मी मुलींना आवर्जून सांगते. इथे उपचार वैद्यकीयच होतात, पण दारातून आत येताना माणसाला आपलं दैवत बाहेर ठेवून यावं लागत नाही.

या आठवड्यातला माझा सगळ्यात लाडका प्रसंग पोळ्याचा. अर्धांगवायूचा एक म्हातारा शेतकरी दोन दिवस जेवेना. विद्यार्थिनीनं भजन लावून पाहिलं, देवाचा फोटो आणून दिला. काही फरक नाही. मग तिनं घोटून घेतलेल्यांतला एक प्रश्न विचारला, "बाबाजी, काही राहून गेलं का?" तो कष्टानं बोलला, "आवतन." दुसऱ्या दिवशी पोळा होता, आणि आदल्या दिवशी बैलांना जेवायचं आवतण द्यायचं असतं. आयुष्यभर त्यानं ते दिलं होतं. तिनं त्याच्या नातवाला फोन लावला, नातवानं गोठ्यात जाऊन व्हिडिओ कॉल सुरू केला, आणि म्हाताऱ्यानं अडखळत्या जिभेनं बैलांना आवतण दिलं. संध्याकाळी तो पेज जेवला.

थांबायचं कुठे

दोन मर्यादा मुलींना लेखी द्या. पहिली: आपली श्रद्धा पेशंटवर लादायची नाही. प्रचार नाही, वाद नाही, कोणाच्या देवाला कमी लेखणं नाही. ‘माझ्यासाठी प्रार्थना करशील का’ असं पेशंटनं विचारलं, तर जिला मनापासून करता येईल तिनं शांत बसून सोबत करावी. जिला येत नाही तिनं हात हातात घेऊन म्हणावं, "तुम्ही करा, मी बसते."

दुसरी मर्यादा उपचाराची. मंत्र-तंत्रानं उपचार करणारे सगळीकडे असतात, मेळघाटात भुमका, गडचिरोलीकडे पुजारी, गावोगावी भगत. लोक त्यांच्याकडे जाणारच. त्यांच्याशी भांडण करण्यापेक्षा ओळख ठेवलेली बरी. ‘आधी दवाखान्यात ने’ असं त्यांच्या तोंडून निघालं तर अनेक लेकरं वेळेत पोचतात. पण साप चावलेल्या माणसाला मंत्रासाठी अडवून ठेवणं, आजारी बाळाच्या पोटावर चटके देणं, अशा ठिकाणी मागे हटायचं नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला उपचारापासून रोखून गंडेदोरे करणं गुन्हा ठरवलं आहे. विद्यार्थिनीनं स्वतः कायदा शिकवत बसू नये, लगेच सिनियरला सांगावं.

आणि ‘जगून काय करू’ हे वाक्य. म्हातारी आजी ते थकून म्हणते. कर्जात बुडालेला तिशीतला माणूस म्हणतो तेव्हा सरळ विचारावं, "जीव द्यावा असं मनात येते का?" असं विचारल्यानं ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं, किंवा मुलीला शंका जरी आली, तर पेशंटला एकटं सोडायचं नाही, डॉक्टरांना तेव्हाच सांगायचं, ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो वॉर्डाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. फवारणीचं औषध घेऊन आलेल्या पेशंटला कोणीही ‘असं का केलंस’ म्हणून दरडावू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायला सांगितलं आहे.

सातवा आठवडा: नोंद आणि गुण

शिकलेलं दुसऱ्या पाळीपर्यंत पोचलं पाहिजे, म्हणून नर्सिंग नोंदीत एक ओळ. "लेक शनिवारी येणार, तिची वाट पाहतात. संध्याकाळी खिडकीकडे तोंड करून बसवावं." इतकंच. पेशंटनं विश्वासानं सांगितलेलं घरचं गुपित, भांडण, जुना अपराध कागदावर उतरवायचा नाही.

परीक्षा लेखी घेऊ नका. मुली सुंदर उत्तरं पाठ करतात आणि खाटेजवळ तशाच घाबरतात. मी उभी राहून पाहते: खाटेजवळ बसली का? नावानं किंवा नात्यानं हाक मारली का, की ‘बारा नंबर’ म्हणाली? बोलणं पूर्ण होऊ दिलं का? जे कळलं ते पुढच्या पाळीला सांगितलं का? प्रत्येकाला पाच गुण. आणि एकदा तरी मुलींनी मला पेशंटशी बोलताना पाहावं, माझं काय चुकलं ते सांगावं. शिक्षक स्वतः खाटेजवळ बसत नसेल, तर वर्गातलं सगळं वाया जातं.

आठवा आठवडा: मुलीच्या पाळीत मरण झालं तर

हे वेळापत्रकात शेवटी लिहिलं आहे, पण ते कोणत्याही आठवड्यात येऊ शकतं. तयारी पहिल्या दिवसापासून ठेवा.

विद्यार्थिनीला एकटीनं शव बांधायला लावू नका, पहिल्या वेळी तर नाहीच. सोबत उभं राहा. शरीराला हात लावताना पेशंटला हाक मारून सांगायची सवय लावा, "आजी, आता कूस वळवते." घरच्यांना विचारा, अंघोळ, कपडे, तोंड कोणत्या दिशेला, दागिने कोणी काढायचे. काम संपलं की हात धुऊन दोन मिनिटं दोघींनी खाटेजवळ थांबायचं. मग बाहेर येऊन एकच प्रश्न, "तुला काय आठवेल?" ती रडली तर रडू द्या.

त्या दिवशी तिची पुढची खाट जरा हलक्या आजाराची द्या. संध्याकाळी ती जेवली का ते होस्टेलच्या वॉर्डनला विचारा, आणि आठवड्यानं पुन्हा एकदा तिला चहाला बोलवा. त्या वेळी तिनं वही आणली तर तिच्याबरोबर वाचा.